वर्षाचा ऊस, रोजचा किराणा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकरी घराची तोंडमिळवणी का होत नाही, हे कळायचं असेल तर पैसा किती येतो यापेक्षा तो कधी येतो हे आधी बघावं लागतं. "हात आखडता घ्या" हा सल्ला देणारे नेमकं हेच विसरतात.

आडसाली ऊस पावसाळ्यात लावला की सोळा-अठरा महिने रानात उभा. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. बिल हाती येतं तेही गावच्या सहकारी सेवा सोसायटीचं पीककर्ज वजा होऊनच. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तरीही पहिली उचल, म्हणजे बिलाचा पहिला हप्ता, किती आणि कधी, यावरून जयसिंगपूरच्या शेतकऱ्यांच्या ऊस परिषदा गाजत आल्या आहेत, कारण त्या तारखेवर घरातली लग्नं आणि घराची डागडुजी अडकलेली असते.

कारखान्यांच्या आधी गुऱ्हाळं होती. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली आणि गुळाची पेठ उभी राहिली. पण अडत्याकडून आगाऊ उचल घ्यायची आणि गूळ त्याच्याच दारात उतरवायचा, या रिवाजात पुढच्या वर्षाचा पैसा आधीच खर्ची पडलेला असायचा. गावात वाण्याची उधारीची वही आणि फारच अडलं तर गुजरीतल्या सराफाकडे गहाण पडणारा गळ्यातला साज, एवढाच आधार.

इचलकरंजीत चित्र वेगळं. १९०४ मध्ये तिथं पहिला यंत्रमाग आला, आणि मागावरच्या कामगाराला मजुरी आठवड्याला मिळू लागली. त्यामुळे खर्चाचं गणितही आठवडी बाजाराला बांधलेलं. माग बंद पडला की पुढच्याच बाजाराला पिशवी हलकी.

ग्रामीण भागात खरा बदल घडवला तो दुधानं. १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ, म्हणजे आपलं गोकुळ, सुरू झाला आणि दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येऊ लागलं. ही रक्कम ऊसबिलापुढे किरकोळ होती, पण ती नेमाने यायची. आमच्या आजीकडे दोन म्हशी होत्या. डेअरीची चिठ्ठी ती हातात घेऊन नीट बघायची: लिटर किती, फॅट किती, पशुखाद्याचे किती कापले. उरलेल्या पैशातून वाण्याची बाकी आधी, मग भिशी, मग पोरांच्या वह्या. हा क्रम तिनं कधी मोडला नाही. ऊसबिल आजोबांच्या नावावर आणि दूधबिल आजीच्या हातात. घर चाललं ते दूधबिलावर, असं मी ठामपणे म्हणेन. पुढे १९९२ पासून नाबार्डनं बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा भिशीची सवय असलेल्या बायकांना त्यात नवीन शिकण्यासारखं फारसं नव्हतं.

सगळ्यात अवघड जून ते सप्टेंबर. उसाचे पैसे संपलेले, आणि शाळेची फी, खत, भांगलणीची, म्हणजे तण काढण्याची, मजुरी एकदमच समोर. त्यातच २०१९ आणि २०२१ चे महापूर आले. २०१९ ला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं ते गणेशोत्सवाच्या तोंडावर, वर्षाची कमाई मूर्तींच्या रूपात घरात असताना.

आता या सगळ्यावर महिन्याचा हप्ता आला आहे. गाडी, मोबाईल, घर, सगळ्यांचा हप्ता ठरलेल्या तारखेला खात्यातून जातो. वाणी "पुढच्या बिलाला द्या" म्हणायचा, तसं बँकेचं यंत्र म्हणत नाही. पैसे नसले तर दंड लावतं. मिळकत अजून हंगामाची आणि खर्च मात्र नोकरदाराच्या वेळापत्रकाचा, ही आजची खरी अडचण.

म्हणून आमच्या घरी महिन्याचं एकच बजेट कधी जमलं नाही. कॅलेंडरवर दूधबिलाच्या तीन तारखांना गोल असतो, हप्त्याच्या तारखेला फुली, आणि जूनच्या पानावर आई जानेवारीतच पेन्सिलीनं शाळेच्या फीचा आकडा लिहून ठेवते.