हरिश्चंद्रगड : कडा, कथा आणि पाखरं

हरिश्चंद्रगड हा अहिल्यानगर (आधीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातला डोंगरी किल्ला, अगदी पुणे आणि ठाणे जिल्ह्यांच्या हद्दीला लागून. सर्वात उंच टोक तारामती, १४०० मीटरच्या थोडं वर, आणि शेजारी रोहिदास. नेहमीचा किल्ला डोळ्यासमोर ठेवून इथं आलात तर जरा गोंधळायला होतं, कारण बुरुज, तटबंदी, दरवाजे असं फारसं काही दिसत नाही, बालेकिल्ल्यावर थोडे अवशेष आहेत तेवढेच. गडाचं संरक्षण खडकानंच केलंय. चहूबाजूंनी तुटलेले बेसॉल्टचे कडे, वर येणाऱ्या मोजक्या वाटा, त्या अडवल्या की झालं. आणि याच खडकात लेणी आहेत, पाण्याची टाकी आहेत, कपारींत पक्ष्यांची घरटीही आहेत, म्हणून या गडाबद्दल लिहायचं तर नुसता लढायांचा इतिहास सांगून भागत नाही.

लढायांचा इतिहास तसा थोडकाच आहे. अग्निपुराण आणि मत्स्यपुराणात या डोंगराचा उल्लेख आहे असं सांगतात, बालेकिल्ला कलचुरी राजघराण्याच्या काळातला म्हणजे सहाव्या शतकातला मानतात, आणि लेणी साधारण अकराव्या शतकाच्या आसपासची. आजूबाजूचा मुलूख महादेव कोळ्यांचा. मोगलांकडून मराठ्यांनी गड घेतला तो १७४७-४८ मध्ये, तेव्हा कृष्णाजी शिंदे किल्लेदार झाले, पुढं १८१८ मध्ये बाकीच्या किल्ल्यांसारखा हाही इंग्रजांकडे गेला. राजकीय गोष्ट इथंच संपते.

खरी श्रीमंती आहे ती तपाची आणि कथांची. मध्यभागी हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, सुमारे १६ मीटर उंच शिखर, बारीक कोरीव काम, आणि त्याच्याच बाजूनं मंगळगंगा नदी निघते, ती पाचनईकडे उतरून पुढं मुळा नदीला मिळते. देवळासमोरच्या पुष्करणीला चौदा कोनाडे आहेत. चांगदेवांनी इथं तप केलं आणि ‘तत्त्वसार’ हा ओवीबद्ध ग्रंथ इथंच पूर्ण केला, शके १२३४ म्हणजे इ.स. १३१२. ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर सोळा वर्षांनी. देवळाच्या आवारातल्या शिलालेखातही ‘चक्रपाणी वटेश्वरनंदनु’ हे चांगदेवांचं नाव वाचता येतं. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघालेले, चौदाशे वर्षं जगलेले चांगदेव आपल्याला लहानपणापासून माहीत असतात, पण दगडात कोरलेलं त्यांचं नाव समोर आलं की ती कथा एकदम जमिनीवर येते, हा माणूस खरंच इथं राहत होता, या टाक्यांचं पाणी पीत होता असं वाटायला लागतं.

देवळाच्या जवळच केदारेश्वराची गुहा. आत मोठं शिवलिंग, भोवती कमरेपर्यंत पाणी, उन्हाळ्यातसुद्धा बर्फासारखं गार, प्रदक्षिणा घालायची तर त्या पाण्यातूनच. लिंगाच्या चार कोपऱ्यांना चार खांब होते, आता एकच धड उभा आहे. लोक सांगतात की हे चार खांब म्हणजे सत्य, त्रेता, द्वापर आणि कली ही चार युगं, एकेक युग सरलं तसा एकेक खांब पडला, आणि चौथा पडेल त्या दिवशी जगबुडी. पावसाळ्यात गुहेच्या भिंतींतून पाणी झिरपत राहतं आणि बाहेरचा ओढा असा फुगतो की आत जाणं जमतच नाही. गडाचं नाव सत्यवचनी हरिश्चंद्र राजावरून, शिखरांना राणी तारामती आणि मुलगा रोहिदास यांची नावं, म्हणजे अख्खं कुटुंब इथं डोंगर होऊन बसलंय.

आता कोकणकडा. पश्चिमेकडे हा कडा नागाच्या फण्यासारखा आत वळलेला आहे, अर्धगोल, वरचा माथा पुढं आलेला आणि खाली सरळ कोकण. दरीतून वर येणारा वारा या वळणात कोंडतो आणि उभा वर चढतो, त्यामुळे काठावरून टाकलेली हलकी वस्तू परत वर येते, ढगही खालून वर उसळताना दिसतात. सकाळी सूर्य पाठीमागे, दरीत धुकं, अशी वेळ साधली तर समोरच्या धुक्यावर गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. यालाच इंद्रवज्र म्हणतात. धुक्याच्या बारीक थेंबांवरून प्रकाश उलट फिरून आपल्याकडे येतो म्हणून हे होतं. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यानं दख्खनच्या हवामानावरच्या १८३५ च्या निबंधात या गोल इंद्रधनुष्याची नोंद केली आहे.

हा साइक्स इथं इंद्रवज्रासाठीच आठवला जातो, पण तो पक्ष्यांचा जबरदस्त अभ्यासक होता हे फार कमी ट्रेकर्सना माहीत असतं. सरकारी आकडेवारी गोळा करत दख्खनभर फिरताना त्यानं पक्ष्यांची सूची केली, ती १८३२ मध्ये छापली गेली. आपला ओढ्याकाठचा ढोकरी, माळावरची लाव, आणि या कड्यांवर दिवसभर भिरभिरणारी धूसर कडा-पाकोळी, यांचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्याचंच. ही पाकोळी काळपट करड्या रंगाची, शेपटी जवळजवळ सरळ कापलेली, खडकाच्या छताखाली चिखलाचे गोळे लावून वाटीसारखं घरटं करते. लेण्यांच्या कमानी तिला कपारीइतक्याच चालतात.

तोच उभा वारा मोठ्या पक्ष्यांच्या कामाचा. पंख न हलवता घिरट्या घालायच्या तर असा वारा पाहिजे, म्हणून सह्याद्रीच्या अशा कड्यांवर लांब चोचीची गिधाडं पिढ्यानपिढ्या राहिली. कपारीतलं घरटं लांबून ओळखता येतं, खाली खडकावर विष्ठेचे पांढरे पट्टे असतात. हिवाळ्यात जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे एकदा संख्या कोसळली की भरून यायला दशकं जातात. आणि ती कोसळलीच. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची, १९९० च्या दशकापासून पुढच्या काही वर्षांत देशातली या जातीची ९० टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, ती फार उशिरा आली असं माझं स्पष्ट मत आहे.

शाहीन ससाणा हा कड्याचा दुसरा मालक. पोपट, पारवे हवेतल्या हवेत मारतो, आणि घरटं म्हणाल तर कपारीतला नुसता ओटा, तेही हिवाळा-उन्हाळ्यात. हिवाळी पाहुण्यांमध्ये वाऱ्यात एका जागी तरंगणारी खरूची, दगडावर एकटाच बसलेला निळा कस्तूर, सारखी शेपटी थरथरवणारा थिरथिरा. झाडीत हळद्या, स्वर्गीय नर्तक, बुलबुल, आणि कारवीच्या झुडपांनी भरलेल्या उतारांवर तुरेवाला युवराज.

पण इथला खरा गायक म्हणजे शीळकरी कस्तूर. निळाकाळा, खांद्यावर चकाकता निळा पट्टा, ओढ्याच्या आसपास राहणारा. पावसाळ्यात उजाडायच्या आधी सुरू करतो आणि माणसानं निवांत शीळ घालावी तशी लांबलचक, वळणं घेत जाणारी शीळ घालतो, पहिल्यांदा ऐकणारा हमखास आजूबाजूला कोण आहे ते बघतो. घरटं ओढ्याकाठच्या खडकाच्या खोबणीत, म्हणजे मंगळगंगेचा परिसर त्याला अगदी जमून आलेला.

हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तरीही सुट्टीच्या दिवशी कड्याच्या काठावर मोठ्यानं गाणी, आरडाओरडा, वर ड्रोन, हे चालतं, आणि नेमकं गिधाडं-ससाण्यांच्या घरट्यांच्या दिवसांत म्हणजे हिवाळ्यात. घाबरून पक्षी उठला की अंडं उघडं पडतं. स्पीकर घरी ठेवून येणं एवढं तरी प्रत्येकाला जमण्यासारखं आहे.

वर यायला पाचनईची वाट सर्वात सोपी, खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येणारी लांब पण ऐसपैस, आणि बेलपाड्याकडून नळीची वाट, ती अनुभवी लोकांसाठीच, पावसाळ्यात तर नकोच. खिरेश्वराला थांबलात तर नागेश्वराचं जुनं देऊळ चुकवू नका, छतावरचं कोरीव काम मान वर करून बघत राहावं असं आहे. शीळकरी ऐकायचा तर जून ते सप्टेंबर, शिकारी पक्षी आणि पाहुणे बघायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी, दुर्बीण घेऊन, ऊन तापून कड्यातून वारा उठायला लागेल तेव्हा साधारण नऊ-दहानंतर काठापासून मागं बसायचं.