मीटर बिघडलेला नाही! फळांची बॅटरी मोजण्याआधी एवढे वाचा

(शाळेसाठी मल्टीमीटर नेणाऱ्या गुरुजी आणि मॅडम यांच्यासाठी)

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की शाळाशाळांत संत्र्या-लिंबांत खिळे आणि तांब्याच्या तारा खोचून बॅटरी बनवणे सुरू होते. मार्च लागताच दोन-चार मीटर "शून्यच दाखवते" म्हणून आमच्या दुकानाच्या काउंटरवर परत येतात. तपासावे, तर मीटर ठणठणीत.

दोष बहुतेक वेळा तारेचा असतो. मोटार वाइंडिंगवाल्याकडची उरलेली तार फुकट मिळते, लालसर चमकते, उघडी वाटते. पण तिच्यावर वीज अडवणारा वार्निशचा थर असतो. पॉलिश पेपरने घासा. फळात जाणारा भागही घासा, नुसते वरचे टोक नको. दुसरा धातू म्हणून टिनपत्रे ठोकायचा जस्ती (जस्ताचा मुलामा दिलेला) खिळा चालतो. दोघे आत एकमेकांना टेकू देऊ नका.

मीटरचा नॉब डीसी व्होल्टच्या २० वर ठेवा. काळी वायर खिळ्याला, लाल तांब्याला. आकड्याआधी उणे आले तर वायरी उलट लागल्या, बाकी काही नाही.

एका फळाला साधारण ०.९ ते १ व्होल्ट येतो. लिंबू घ्या की संत्रा, फरक थोडाच, कारण व्होल्ट ठरतो धातूंच्या जोडीवर. जस्त इलेक्ट्रॉन सोडते, आंबट रस आतली वाट मोकळी ठेवतो. पोरांना पटत नसेल तर खिळा काढून तिथे दुसरी तांब्याची तार खोचा. आकडा शून्याजवळ येतो. म्हणून बाजारातला महाग संत्रा कापू नका, बागेतली गळलेली फळे चालतात.

आता खरी गंमत. चार फळे एकापुढे एक (एकाचा खिळा पुढच्याच्या तांब्याला) जोडली की मीटर साडेतीनच्या आसपास दाखवते. लाल एलईडी लावा, लांब पाय तांब्याकडे, आणि तो पेटलेला असतानाच पुन्हा मोजा: आकडा पावणेदोनच्या आसपास उतरतो. फळाच्या आतला रोध (विजेला होणारा अडथळा) फार, करंट मिलिअँपिअरपेक्षाही कमी. त्यामुळे एलईडी मिणमिणतो आणि टॉर्चचा बल्ब तर लागतच नाही. खिडकीला सतरंजी लावून अंधार करा, तरच मागच्या बाकावर दिसेल.

प्रयोगातली फळे कोणालाही खाऊ देऊ नका, रसात जस्त उतरलेले असते. मीटरच्या वायरी पोरांच्या हातात देऊन भिंतीच्या प्लगजवळ तर जाऊच नका.

स्क्रीनवर बॅटरीचे चिन्ह दिसले तर आतला ९ व्होल्टचा सेल बदला. उतरलेल्या सेलवर आकडे खोटे येतात.

एवढे करूनही शून्य येत असेल तर मीटर जरूर आणा, सोबत तीच तार आणि तोच खिळा आणा. लिंबू दुकानात असतेच, दाराला टांगलेले सोडून.