लाल माणूस

लाल माणूस (चिनी: श्याओ होंग रन, म्हणजे 'छोटा लाल माणूस'): चिनी कलावंत ल्यू शंगचोंग (१९५२–२०२२) यांनी लाल कागदातून आयुष्यभर कातरलेली मानवाकृती. तोंड समोर, हात फैलावलेले, पाय बेडकासारखे फाकलेले. एकटी पाहिली तर बाळबोध वाटते. हजारोंनी भिंतभर चिकटवली की खोलीत शिरताना पाऊल अडखळते.

आकृतीचे मूळ 'ज्वाची वावा' या बाहुलीत आहे. पीत नदीच्या खोऱ्यात खेड्यातल्या बायका ती कातरत. डोक्यावर दोन बुचडे, कधी त्यांच्या जागी कोंबड्या, कारण 'ची' या उच्चाराचे शब्द बुचडा, कोंबडी आणि शुभ अशा तिन्ही अर्थांचे आहेत. बाहुली घराची राखण करी. मूल दचकून आजारी पडले, तर त्याचा भटकलेला जीव परत बोलावण्यासाठीही कागद कातरत. आपल्याकडे दृष्ट काढतात त्याच जातीचा हा उपाय. रीत जुनी आहे. इ. स. ७५६ च्या बंडाळीत कुटुंबासह पळालेला कवी दू फू एका स्नेह्याच्या घरी पोहोचला, तेव्हा यजमानाने पाय धुवायला ऊन पाणी दिले आणि कागद कातरून पाहुण्यांचे घाबरलेले जीव परत बोलावले, असे त्याने कवितेत नोंदवले आहे.

कातरण्याची पद्धत पताका करणाऱ्या कुणालाही कळेल. कागद मधोमध दुमडायचा, घडीच्या कडेने अर्धेच अंग कातरायचे, उलगडले की माणूस पुरा. पण कात्री फिरली की हाती दोन गोष्टी येतात: माणूस, आणि माणसाच्या आकाराचे भोक पडलेला कागद. एरवी हा दुसरा तुकडा केरात जातो. ल्यूंनी तो जपला आणि आकृतीच्या जोडीने मांडला. त्यांचे खरे वेगळेपण इथे आहे. लाल रंग आणि मोठी संख्या त्यानंतरची.

ल्यू शानतुंग प्रांतातल्या फिंगदू भागातले, कागद कातरणाऱ्या आईचे मूल. बीजिंगच्या सेंट्रल अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्समधून १९८७ मध्ये ते पदव्युत्तर शिक्षण घेऊन बाहेर पडले आणि पुढे तिथेच शिकवू लागले; प्रायोगिक कला विभागाची घडी त्यांनीच बसवली. १९८८ मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनात त्यांच्या कातरकामाचे प्रदर्शन भरले. त्यानंतर १९९०–९१ च्या सुमारास आले 'आत्म्यांना हाक मारण्याचे दालन': छतापासून जमिनीपर्यंत लाल माणसेच. खेड्यातली बाहुली एका मुलासाठी कातरली जाई. इथे हाक कुणा एकाला नव्हती. १९८९ मध्ये तिआनमेन चौकातले आंदोलन चिरडले गेल्यानंतरच्या बीजिंगमध्ये तिचा अर्थ फोड करून सांगावा लागला नसावा.

चिनी कागद-कातरकाम २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले. अशा यादीतल्या कला बहुधा पर्यटकांच्या दुकानात स्थिरावतात. ल्यू मात्र एका साच्यात राहिले नाहीत. व्हेनिसला दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनासाठी, म्हणजे व्हेनिस बिएनालेसाठी, २००३ मध्ये चीनने निवडलेल्या पाच जणांत ते होते; सार्सच्या साथीमुळे चीनचे हे दालन व्हेनिसऐवजी चीनमध्येच ग्वांगचौला भरवावे लागले. त्यांनी मांडले ते पुस्तकांचे कपाट: पुस्तकांच्या पाठी ओळीने लावल्या की त्यांवर जुने निसर्गचित्र जुळते. त्यात लाल माणूस नाही.