बेन-हरच्या रथशर्यतीत माणूस मेला होता? नाही हो!

१९५९ च्या बेन-हर या हॉलिवूड पिक्चरचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतंच, रथांच्या शर्यतीत एक स्टंटमन खरंच मेला आणि तो शॉट तसाच पिक्चरमध्ये ठेवलाय. मी पण कॉलेजात हे छातीठोकपणे सांगत फिरायचो. पण १९५९ च्या पिक्चरच्या रथशर्यतीच्या शूटिंगमध्ये कोणीच मेलं नाही.

घडलं काय तर, स्टंटची सगळी जबाबदारी होती याकिमा कनट या मुरलेल्या स्टंटमनकडे आणि हीरो चार्लटन हेस्टनचा डबल, म्हणजे त्याच्या जागी स्टंट करणारा, होता याकिमाचाच पोरगा जो कनट. मोडून पडलेल्या रथांवरून रथासकट उडी मारताना हा जो कनट पुढच्या बाजूने बाहेर फेकला गेला, पण पठ्ठ्याने रथ सोडला नाही, लटकत राहिला आणि वाचला, हनुवटी फुटून टाके पडले तेवढेच. बापाची काय हालत झाली असेल विचार करा! शॉट इतका भन्नाट आलेला की तो ठेवला आणि हेस्टन परत रथात चढतोय असा क्लोजअप वेगळा घेऊन जोडला.

आणि रथाखाली चिरडलेली माणसं? ते हातपाय हलणारे पुतळे.

मग अफवा आली कुठून? बहुतेक १९२५ च्या मूकपट बेन-हरवरून. तोही आधी इटलीतच शूट होत होता आणि तिथे रथाचं चाक तुटून एक स्टंटमन गेला असं त्यात व्हिलन मेसालाचं काम करणाऱ्या फ्रान्सिस बुशमनने सांगितलेलं. दोन पिक्चर, नाव एकच, झाली खिचडी.