त्रिनिदाद : प्रेक्षणीय स्थळे

कॅरिबियन द्वीपमालेच्या दक्षिण टोकाचे बेट. व्हेनेझुएलाचा किनारा येथून जेमतेम ११ किमी.वर आहे. त्रिनिदाद व टोबॅगो या प्रजासत्ताकातील हे मोठे बेट असून क्षेत्रफळ सुमारे ४,८०० चौ. किमी. आहे. भूशास्त्रदृष्ट्या ते दक्षिण अमेरिका खंडाचाच तुटलेला भाग असल्याने येथील पशुपक्षी शेजारच्या बेटांपेक्षा व्हेनेझुएलाशी अधिक जुळतात. मूळ अमेरिंडियन, स्पॅनिश, १७८३ च्या (परकी कॅथलिकांना वसाहतीची मुभा देणाऱ्या) स्पॅनिश फर्मानानंतर आलेले फ्रेंच मळेवाले, त्यांच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेले आफ्रिकी, १७९७ पासून इंग्रज, पुढे चिनी व सिरियन-लेबानी व्यापारी आणि १८४५ ते १९१७ या काळात गिरमिटावर (करारबद्ध मजुरीवर) आलेले सुमारे १,४४,००० हिंदी मजूर, असे थरावर थर येथे साचले. २०११ च्या जनगणनेत हिंदी वंशाचे सु. ३५ टक्के, आफ्रिकी वंशाचे सु. ३४ टक्के, तर मिश्र वंशाचे सु. २३ टक्के लोक नोंदले गेले. येथील बहुतेक स्थळे यांपैकी एका समाजाने उभारली आणि दुसऱ्याने आपलीशी केली.

बेटाच्या नावाविषयी मतभेद आहेत. कोलंबसाला ३१ जुलै १४९८ रोजी हे बेट दिसले. तीन डोंगरमाथे एकत्र दिसल्याने त्याने ‘त्रिनिदाद’ (ख्रिस्ती त्रैक्य : पिता, पुत्र व पवित्र आत्मा) हे नाव दिले, असे सर्रास सांगितले जाते. मात्र पुढे जी भूमी दिसेल तिला हे नाव देण्याचा संकल्प त्याने आधीच केला होता, शिखरे केवळ योगायोगाने दिसली, असेही मत आहे व ते अधिक संभवनीय वाटते. मूळ नाव ‘इएरे’, म्हणजे हमिंगबर्ड पक्ष्याची भूमी, हा अर्थ पर्यटकांना हमखास ऐकवला जातो. भाषाभ्यासक मात्र ते अरावाक भाषांतील ‘काइरी’ या शब्दावरून आले असावे असे मानतात. त्याचा अर्थ नुसता ‘बेट’ असा आहे.

हमिंगबर्ड पिच लेकच्या आख्यायिकेतही येतो. बेटाच्या नैर्ऋत्येस ला ब्रेआ येथे सु. ४० हेक्टरांवर पसरलेले हे नैसर्गिक डांबराचे तळे जगातील सर्वांत मोठे मानतात. पूर्वजांचे आत्मे ज्यांच्यात वसतात ते पक्षी विजयाच्या मेजवानीत मारून खाल्ल्यामुळे देवाने अख्खे गाव डांबरात बुडवले, अशी अमेरिंडियन कथा आहे. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅलेने येथील डांबराने आपल्या जहाजांच्या फटी बुजवल्या. तळ्याची खोली मध्यभागी सु. ७५ मी. असल्याचे सांगतात.

तळ्याच्या उत्पत्तीवर बराच काळ वाद झाला. वॉल व सॉकिन्स यांनी १८६० च्या भूशास्त्रीय अहवालात डांबर हे कुजलेल्या वनस्पतिजन्य द्रव्यापासून जागच्या जागी बनले, असे प्रतिपादन केले. हे मत आता मागे पडले आहे. खोल थरांतील खनिज तेल भ्रंशरेषेच्या (खडक तुटून सरकलेल्या रेषेच्या) फटींतून वर झिरपले, त्यातील हलके घटक उडून गेले आणि उरलेला जड भाग वायू, पाणी व अतिसूक्ष्म चिकणमाती यांच्याशी घुसळला गेला, ही उपपत्ती सर्वसाधारणपणे मान्य आहे. दक्षिण त्रिनिदादमध्ये चिखलाचे ज्वालामुखी आढळतात (प्रिन्सेस टाउनजवळचे डेव्हिल्स वुडयार्ड हे त्यांपैकी प्रसिद्ध), ही गोष्टही तिला पूरक आहे. कच्च्या डांबरात सु. दोन पंचमांश बिट्युमेन (चिकट, तेलजन्य भाग) असते; बाकीचे पाणी व बारीक खनिज. ही माती डांबरात इतकी मुरलेली असते की ती सहजी वेगळी होत नाही आणि रस्त्यासाठी हे डांबर टिकाऊ ठरते ते याच गुणामुळे. तेलातील अतिसूक्ष्म जलबिंदूंत जिवंत जीवाणू आढळल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून हे तळे जीवशास्त्रज्ञांनाही खुणावत आहे.

प्रथम पाहणाऱ्याला हे तळे हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडलेले करडे मैदान वाटते. त्यावर चालता येते. एका जागी उभे राहिल्यास मात्र टाचा हळूहळू रुततात. खणलेला खड्डा काही दिवसांत आपोआप भरून येतो. बुडालेली झाडे कालांतराने वर येतात. अमेरिंडियनांची कोरीव लाकडी बैठकही अशीच येथे सापडली. घड्यांत साचलेल्या गंधकयुक्त पाण्यात त्वचेच्या विकारांवर उतारा म्हणून लोक डुंबतात. मऊ जागा नवख्याला ओळखू येत नाहीत, म्हणून वाटाड्या घेणे आवश्यक आहे.

पिच लेकपासून फार दूर नसलेल्या सिपारिया गावच्या कॅथलिक चर्चमध्ये ‘ला दिव्हिना पास्तोरा’ म्हणजे दैवी मेंढपाळीण या नावाची सावळी मेरीमूर्ती आहे. ती कधी आली हे निश्चित नाही. संकटातून वाचलेल्या एका कापुचिन (एक कॅथलिक संन्यासी पंथ) साधूने ती व्हेनेझुएलाहून आणली, ही परंपरागत कथा. या रूपातील मेरीची उपासना अठराव्या शतकाच्या आरंभी स्पेनमधील सेव्हिल येथे कापुचिनांमध्येच सुरू झाली व सिपारियाचे मिशनही त्याच शतकातील आहे. तेव्हा कथेतील साधू खरा असो वा नसो, मूर्तीचा मार्ग तोच असावा. हिंदूंसाठी ती ‘सिपारी माई’ आहे. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी व त्या दिवशी ते तांदूळ, तेल, फुले, दागिने वाहतात आणि मुलांचे जावळही तेथेच काढतात. चर्चने हे थांबवण्याचा प्रयत्न करून पाहिला, प्रथा टिकली. त्रिनिदाद समजून घ्यायचे तर पाहावे असे याहून चांगले दुसरे ठिकाण नाही.

पश्चिम किनाऱ्यावर वॉटरलू येथील समुद्रमंदिर हे शिवदास साधू या ऊसमजुराचे काम. साखर कंपनीच्या जमिनीवर १९४७ मध्ये बांधलेले त्याचे देऊळ काही वर्षांनी पाडण्यात आले आणि त्याला १४ दिवसांची कैद झाली. तेव्हा जमिनीवर नाही तर समुद्रात, असे ठरवून त्याने सायकलवरून दगड-सिमेंट वाहून नेत एकट्याने भराव घातला. तो सु. २५ वर्षे खपला. हिंदी आगमनाच्या दीडशेव्या वर्षी, १९९५ मध्ये, सरकारी मदतीने आजची वास्तू उभी राहिली. ओहोटीला भोवती नुसता चिखल उरतो. शेजारीच दहनभूमी आहे. जवळच कारापिचैमा येथे म्हैसूरच्या दत्तपीठाने २००३ मध्ये उभारलेली ८५ फुटी हनुमानमूर्ती आहे. महाराष्ट्रातून गेलेल्याला इतक्या दूर दत्ताचे ठाणे भेटावे, हे विशेष.

मोहरमला येथे ‘होसे’ म्हणतात. पोर्ट ऑफ स्पेनमधील सेंट जेम्स व नैर्ऋत्येचे सेद्रोस येथे कागद-बांबूचे ‘ताजा’ (आपल्याकडील ताबूत) मिरवतात. तासा (ताशा) विस्तवावर शेकून ताणतात आणि वादकांत हिंदू व आफ्रिकी वंशाचेही असतात. १८८४ मध्ये सान फर्नांदो येथील मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार करून अनेकांना ठार केले. ॲश वेन्झडेपूर्वीचा (ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारापूर्वीचा) सोमवार-मंगळवार हा कार्निव्हलचा. स्टीलपॅन हे पोलादी पिंपापासून बनवलेले वाद्य १९३० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आले असावे. पहिला मान कोणत्या वस्तीचा, यावर एकमत नाही.

राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये क्वीन्स पार्क सव्हाना हे विस्तीर्ण मैदान, त्याच्या कडेचे विसाव्या शतकारंभीचे सात वाडे (‘मॅग्निफिसंट सेव्हन’) आणि १८१८ ची वनस्पतिबाग पाहण्याजोगी. क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजवर भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. सुनील गावसकरांचा तो पदार्पणाचा सामना (६५ व नाबाद ६७). मूळचे गोव्याचे दिलीप सरदेसाई यांनी ११२ धावा केल्या. बंदराबाहेरील नेल्सन बेटावर १८६६ पासून गिरमिटियांना उतरवून घेत.

शहराच्या दक्षिणेस कॅरोनी दलदल आहे. सूर्यास्ताच्या सुमारास लाल शराटी (स्कार्लेट आयबिस) थव्याथव्यांनी कांदळवनात परततात व हिरवी झाडे पाहता पाहता लाल होतात. हा रंग कवचधारी भक्ष्यातून येतो; पिले काळपट असतात. उत्तरेच्या डोंगरात आसा राइट निसर्गकेंद्राच्या परिसरातील गुहेत ग्वाचारो हा प्रतिध्वनीने वाट शोधणारा फलाहारी निशाचर पक्षी राहतो. माराकास हा सर्वांत गजबजलेला किनारा. ईशान्येकडील ग्रांद रिव्हिएर व पूर्वेकडील माटुरा येथे मार्च ते ऑगस्टमध्ये चामडी कासवे रात्री अंडी घालण्यास वाळूवर चढतात. परवाना व मार्गदर्शक सक्तीचे असून दिवा फक्त लाल वापरायचा असतो.