रेल्वेने पाईप पाठवताना : पट्टा कितीचा, याआधी विचारायचा प्रश्न

कळंबोलीहून रेकने (पूर्ण मालगाडीने) पाईप पाठवणारे ग्राहक आम्हाला हमखास विचारतात, "माल बांधायचा पट्टा किती टनाचा वापरता?" पाच टनांचा पट्टा म्हटलं की समाधान होतं. पण ती पट्ट्याची ताकद झाली. त्याने माल किती धरला जातो, हा हिशेब निराळा आहे.

508 मिमी व्यासाचा, 9.5 मिमी जाडीचा, 12 मीटर लांब पाईप घ्या. त्याचं वजन सुमारे 1.4 टन. असे 20 नग बीआरएन या सपाट, उघड्या वॅगनवर चढवले की 28 टन. आंतरराष्ट्रीय सीटीयू कोड या माल भरण्या-बांधण्याच्या नियमावलीप्रमाणे रेल्वेवर लांबीच्या दिशेने मालाच्या निम्म्या वजनाइतका, म्हणजे इथे 14 टनांचा जोर धरावा लागतो; शंटिंगच्या (यार्डात वॅगन हलवण्या-जोडण्याच्या) क्षणिक धक्क्यात याच्या दुप्पट. लोखंडावर लोखंड असेल तर घर्षण फार तर पाच-साडेपाच टन पेलतं, गंजरोधक तेल लावलेलं असेल तर त्याहूनही कमी. कोरडं लाकूड घातलं तर साधारण साडेआठ टन.

उरलेलं पट्ट्यांनी भरून काढू, असं वाटेल. हाताने रॅचेट (पट्टा आवळायची खटकी) ओढून पट्ट्यात 300 ते 500 किलोचा ताण येतो. दोन्ही बाजू मिळून मालावर फार तर एक टन दाब पडतो, आणि लाकडावर त्यातून मिळणारी पकड जेमतेम 300 किलो. म्हणजे 14 टनांतली उरलेली साडेपाच टनांची तूट भरायला एकोणीस-वीस पट्टे हवेत! म्हणून आम्ही प्रत्येक थराला लाकडी बल्लीच्या खाली-वर रबरी मॅट घालतो. स्वच्छ, कोरड्या रबरावर तेच घर्षण साडेसोळा टनांवर जातं. पट्टे तरीही लागतातच, कारण गाडी उसळली की दाब कमी होतो. मॅटचा खर्च वाचवा असं कृपया सांगू नका. त्या कामात आम्ही तडजोड करणार नाही.

कडेचे पाईप स्टँचियन (वॅगनच्या कडेचे उभे खांब) आणि ठोकलेल्या उट्या (पाचरी) अडवतात. खरी काळजी थराच्या मधल्या पाईपची असते. त्याला बाजूने कोणी धरत नाही, म्हणून पूर्ण थराला वेढा घालून बांधतो. थरांमधल्या बल्ल्या एकाखाली एक, सरळ रेषेत हव्यात, नाहीतर पाईप वाकतो आणि पाईपवरच्या कोटिंगला (संरक्षक थराला) खळगे पडतात. कोटिंग असेल तर उघडा वायररोप अजिबात नको.

पुण्याकडे जाणाऱ्या मालाबद्दल घाटाची धास्ती अनेकांना असते. भोर घाटात चढ 1 : 37 आहे, 28 टनांच्या मालाला तो पाऊण टनाच्या आसपास मागे ओढतो, एवढंच. त्याहून कितीतरी मोठा धक्का ब्रेक लागताना आणि कपलिंग ताणली-दाबली जाताना बसतो.

बांधणी झाल्यावर लाकूड बसतं, पट्टे सैल होतात. म्हणून तासाभराने पुन्हा आवळतो. वाटेत ते जमत नाही, कारण वर 25,000 व्होल्टची तार असते. डेमरेज (वॅगन जास्त वेळ अडवल्याचा आकार) टाळायच्या घाईत हा तास कापू नका. तारेखाली वॅगन उभी असेल तर रेल्वेने वीज बंद करून तसं लेखी कळवल्याशिवाय आमचे माथाडी कामगार मालावर चढणार नाहीत.

रेक मागवण्याआधी व्यास, जाडी, लांबी, नग आणि कोटिंग कळवा. बारा मीटरचा पाईप उंच भिंतींच्या बॉक्सएन वॅगनमध्ये मावत नाही. तिची आतली लांबी दहा मीटरपेक्षा कमी आहे. मागणी बीआरएन किंवा बॉस्ट (लांब पोलादी मालाची वॅगन) यांची करायची की नाही, हे तेव्हाच ठरवता येतं.