गिझाचे पिरॅमिड शहराला लागूनच आहेत

‘गिझाचे पिरॅमिड निर्जन वाळवंटात आहेत, उंटाशिवाय तिथे पोहोचता येत नाही’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. फोटो पाहून तसं वाटणं साहजिकच, कारण अनेक फोटो शहराकडे पाठ करून, पश्चिमेच्या वाळूकडे कॅमेरा धरून काढलेले असतात. प्रत्यक्षात वस्ती थेट पिरॅमिडांच्या पठाराला भिडली आहे. तिथल्या स्फिंक्सचं (सिंहाचं धड, माणसाचं डोकं असलेल्या पुतळ्याचं) तोंड पूर्वेला, आणि समोरच नझलेत अल-सम्मान या वस्तीची गजबज. खात्री करायची तर मोबाइलवर उपग्रह-नकाशा उघडा: एकीकडे वाळू, दुसरीकडे दाटीवाटीने गच्च्या.

कैरोतून साधी टॅक्सी पुरते. उंटावर हौसेने जरूर बसा, पण भाडं चढण्याआधीच ठरवा, उतरण्यासकट! वाटेत कुणी ‘पुढे गाडी जात नाही’ म्हणालं, तरी तिकीटखिडकी दिसेपर्यंत गाडीतून उतरू नका.